पाण्यातलं देऊळ आणि पाण्याखालचा महारवाडा

उन्हाळा चढला, धरणं आटू लागली की पुण्या-मुंबईच्या पोरांच्या मोबाईलवर एक ठराविक फोटो फिरायला लागतो. निळं पाणी, पाण्यातून वर आलेलं काळ्या दगडाचं देऊळ, पाठीमागं बुडता सूर्य. कधी पवना धरणातला वाघेश्वर, कधी उजनीतला पळसनाथ, आणि आमच्या गडहिंग्लजच्या बाजूला आलात तर कर्नाटकाच्या हद्दीत हिडकल धरणातला हुन्नूरचा विठ्ठल. फोटोखाली लिहिलेलं असतं : अप्रतिम! किती शांत! एकदा तरी जावंच असं ठिकाण!

यंदा हा फोटो आपल्याच एका दोस्तानं पाठवला. बीडीडी चाळीतला पोरगा. बाप मोर्च्यात लाठ्या खाल्लेला. चौदा एप्रिलची मिरवणूक उरकून तो गोव्याला निघाला होता, वाटेत वळून हुन्नूर करून आला. मी त्याला विचारलं, "तिथं काय बघितलंस?" त्याचं उत्तर आलं ते जसंच्या तसं देतो. "यार, जाईल तिथं जात शोधायची तुझी खोड जात नाही. देऊळ सगळ्यांना खुलं होतं. मला कुणी नाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. पाणी होतं, वारा होता. आपल्याला कधीतरी नुसतं सुंदर बघायचा हक्क आहे की नाही?"

आहे. हक्क आहे, लेका. पण ह्या देशात पाणी आणि देऊळ एके ठिकाणी दिसलं की आपल्या माणसानं आधी खिसा चाचपून बघावा. आपलं जे काय गेलंय त्यातलं बरंचसं तिथंच गेलंय. म्हणून हे उत्तर त्याला एकट्याला न पाठवता इथं छापतोय. असे दोस्त आता वस्तीवस्तीत झालेत.

मी गडहिंग्लजचा. हुन्नूर मला लांब नाही. गडहिंग्लजहून संकेश्वर, तिथून कर्नाटकाची गाडी, पुढं मिळेल ते वडाप. हिडकलचं धरण घटप्रभेवर. ही घटप्रभा आमच्या चंदगडच्या डोंगरातून निघते, म्हणजे पाणी आमच्याकडचंच. पावसाळ्यात धरण भरलं की देऊळ पाण्याखाली जातं, उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की वर येतं. मग माणसं लोटतात. कोण दर्शनाला, कोण आंघोळीला, कोण फोटोला.

मी गेलो ते वस्ती शोधायला. पायाखाली गाळ वाळून त्याची ढेकळं झाली होती, ढेकळांना हात जाईल एवढ्या भेगा. शिंपल्या कराकरा मोडत होत्या. माणसं बायकापोरांसकट आलेली. कुणी दगडाला टेकून, कुणी पाण्यात गुडघाभर उतरून फोटो काढत होतं. मी देवळाकडं पाठ करून उभा राहिलो आणि विचार केला, देऊळ काय कुणी पाण्यात बांधलं नव्हतं. इथं गाव होतं. गाव होतं म्हणजे पाटील होता, कुलकर्णी होता, सुतार-लोहार होता, आणि गावाबाहेर आम्ही होतो. आम्ही नाही असं गाव मराठी मुलखातही नाही आणि कानडी मुलखातही नाही.

तिघांना विचारलं, खालची वस्ती कुठं होती म्हणून. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, "कसली वस्ती?" दुसरा म्हणाला, "देवळाची माहिती पायजे तर सांगतो." तिसरा एक म्हातारा होता, म्हशी घेऊन आलेला. त्यानं तोंडानं काही सांगितलं नाही. काठी उचलली आणि पाण्याकडं दाखवली. जिथं पाणी अजून आटलेलं नव्हतं तिकडं.

दोस्तहो, ह्या काठीच्या टोकाशी काय आहे ते नीट समजून घ्या. गाव कुठलंही घ्या. देऊळ उंचवट्यावर. पाटलाचा वाडा त्याच्या लगत. आणि महारवाडा, मांगवाडा सखल अंगाला, नदीच्या खालच्या धारेला, गावाचं सांडपाणी ज्या बाजूला उतरतं त्या बाजूला. आमच्या अंगावरनं आलेलं पाणी वरच्यांना लागू नये म्हणून ही रचना. आता असल्या गावावर धरणाचं पाणी चढलं तर आधी कोण बुडणार? खालचा. आणि पाणी उतरलं तर आधी कोण वर येणार? वरचा. देव दरसाल उन्हाळ्यात श्वास घ्यायला वर येतो. महारवाडा येत नाही. मनुस्मृतीनं आखलेला नकाशा धरणाच्या इंजिनियरनं काही बदलला नाही. त्याला बदलायची गरजच पडली नाही. पाण्यानं उतार बघितला आणि पाणी त्या नकाशाप्रमाणं चाललं.

दुसरी गोष्ट दगडाची. देवळाला घडीव दगड, वाड्याला दगड आणि सागवान. आम्हाला माती, कुडाची भिंत, वर गवत नाहीतर फुटकी कौलं. दगड फोडणारा वडार, दगड वाहणारे आम्ही. उचलायला आम्ही चालत होतो. तोच दगड घराला लावायची ऐपत नव्हती, आणि जिथं ऐपत आली तिथं गावाच्या डोळ्यात खुपली. मातीचं घर पाण्यात किती टिकतं? चार दिवस. दगडाचं देऊळ चाळीस-पन्नास वर्षं पाण्यात बसून राहतं आणि परत साबूत. मग तुमच्यासारखा शहरातला माणूस येतो, पाण्यात उभं राहिलेलं बघतो आणि म्हणतो, इथं पूर्वी एक देऊळ होतं. इथं पूर्वी एक महारवाडा होता असं म्हणायला तिथं एक ढेकूळसुद्धा शिल्लक नसतं. ज्याच्याकडं दगड होता त्याचा वारसा झाला. ज्याच्याकडं माती होती त्याचा गाळ झाला. आणि त्या गाळावर उभं राहून तू देवळाचा फोटो काढलास, मित्रा.

आता तुझ्या त्या 'सगळ्यांना खुलं'कडं येतो.

पाणी आणि देऊळ ह्यांची सोयरीक किती जुनी आणि किती पक्की आहे, हे महाडनं दाखवून दिलंय. मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा ठराव झाला 1923 साली : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं खुलं! मुसलमान पाणी भरत होता, ख्रिस्ती भरत होता, गुरंढोरं पीत होती. आम्ही पीत नव्हतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. माणसं परत मांडवात येऊन जेवायला बसली, आणि गावात हाकाटी उठली. काय हाकाटी उठली? 'पाणी प्याले' एवढ्यावर गाव पेटेना. हाकाटी उठली की, महार आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार! झालं. काठ्या निघाल्या. जेवत्या माणसांवर गाव चालून आलं.

हे लक्षात ठेवा. देवळाचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं. भांडण पाण्याचं होतं. पण पाण्यासाठी माणसं पेटवायची तर त्यांना देवळाचं नाव लागलं. देऊळ हे तळ्याचं कुलूप असतं. पाण्याला हात लावला की देवाला हात लावला म्हणून बोंब मारता येते. त्याच्यानंतर त्या तळ्यात पंचगव्याच्या 108 घागरी ओतून ते शुद्ध केलं गेलं. शेण, मूत ओतून शुद्ध! ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. मग दावा झाला. त्यांचं म्हणणं काय, तर तळं सार्वजनिक नाही, खाजगी आहे. मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो 17 मार्च 1937 ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

तू म्हणशील, ते कोकण, ते ब्रिटिश राज्य. बरं, आमच्या कोल्हापुरात ये. आमचा राजा शाहू. 26 जुलै 1902 ला मागासलेल्यांना 50 टक्के जागा राखून ठेवणारा. 1918 मध्ये महार वतन मोडणारा. 1919 च्या हुकुमांनी सरकारी विहिरी, दवाखाने, शाळा, धर्मशाळा खुल्या करणारा. 1920 च्या मार्चात आमच्या कागलकडच्या माणगावात परिषद भरली तेव्हा भर सभेत बाबासाहेबांकडं बोट दाखवून हा तुमचा पुढारी म्हणणारा. एवढा राजा! आणि त्याच राजाच्या पागेत काय झालं? गंगाराम कांबळे नावाचा नोकर. मराठ्यांसाठी राखलेल्या हौदाचं पाणी त्यानं घेतलं म्हणून बरोबरच्या नोकरांनीच त्याला गुरासारखा झोडपला. महाराज गावाला नव्हते. परत आले, त्यांनी मारणाऱ्यांना फोडून काढलं, गंगारामाला पैसे देऊन चहाचं दुकान काढून दिलं, आणि स्वतः जाऊन तिथं चहा प्याले. गावाला दिसेल असा प्याले. 'सत्यसुधारक' त्या दुकानाचं नाव. ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो आणि टाळ्या घेतो. पण त्यातलं दुसरं टोक सांगत नाही. खुद्द राजाच्या घरात, राजाचा हुकूम चालत असताना, पाण्यावरचा पहारा राजाला विचारून बसलेला नव्हता. तो माणसाच्या डोक्यात बसलेला होता. राजाची पाठ वळली की तो हातात चाबूक घेत होता.

आता राजाही गेला. घटना आली. तिच्या 15 व्या कलमात बाबासाहेबांनी आणि घटनासमितीनं काय घातलं ते उघडून वाचा. दुकानं, उपाहारगृहं तर आहेतच. त्याच्या जोडीला विहिरी, तलाव, स्नानघाट नाव घेऊन लिहिलेत. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत तलाव आणि आंघोळीचा घाट लिहावा लागला! कुठल्या देशाच्या घटनेला अशी पाळी आली असेल? आणि 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्यात आमच्या वापरातलं पाणी घाण करणं हा गुन्हा म्हणून वेगळा लिहावा लागला. म्हणजे घटना आल्यावर चाळीस वर्षांनीही आमच्या पाण्यात घाण टाकणारे हात होते, हे खुद्द संसदेनं कबूल केलं.

मग त्या धरणाच्या पाण्यात बुडालेल्या देवळात तुला कुणी अडवलं नाही, ह्याचं काय मोल? अरे, तिथं अडवणार कोण? गाव उठून गेलंय. पुजारी नाही, पाटील नाही, दाराला कवाड नाही. ज्या देवळाची राखण सुटली ते तुला खुलं झालं. हा विठ्ठलच आहे ना तो? मग पंढरपूरच्या, राखण असलेल्या विठ्ठलाचं दार उघडायला साने गुरुजींना 1947 च्या मेमध्ये दहा दिवस उपाशी राहावं लागलं, हे विसरू नको. चोखोबाची समाधी अजून महाद्वाराच्या बाहेर पायरीशी आहे. परंपरा सांगते की तो मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम करताना ती भिंत कोसळून मेला. जे गावकूस त्याला बाहेर ठेवत होतं तेच बांधायला त्याला धरला होता. धरणाच्या भिंतीचंही ह्याहून वेगळं नाही. भिंत बांधायला आम्ही. भिंतीच्या पाण्यात बुडायला आम्ही. आणि भिंतीआड साठलेलं पाणी पाटानं जातं ते कुणाच्या उसाला, हे विचारायची सोय नाही.

सोय नाही म्हणजे कशी नाही ते सांगतो, कारण आपल्या शहरी पोरांना धरण म्हणजे फक्त भिंत आणि बोटिंग वाटतं. ही धरणं झाली तेव्हा जमीन घ्यायला कायदा होता इंग्रजांचा, 1894 चा. त्या कायद्यात मोल होतं जमिनीला, जमिनीवरच्या झाडाला, बांधलेल्या घराला. ज्याचं नाव कागदावर त्याला पैसा. आमच्याकडं काय होतं? पाटलाच्या रानातली मजुरी. सुगीला खळ्यावरचं बलुतं. नदीकाठचं सरपण, गायरानातला चारा, मेलेल्या ढोराचं कातडं. ह्यातल्या कशालाही सातबारा नसतो. म्हणून बुडिताच्या यादीत आम्ही उघड्या घराएवढेच. चार वासे आणि कुडाची भिंत मोजायची, किंमत मांडायची, अंगठा घ्यायचा. बागायतदार बुडाला तर त्याची जमीन बुडाली. भूमिहीन बुडाला तर त्याचं काय बुडालं? सरकारच्या हिशोबी काहीच नाही! जमिनीवर राबून जगणाऱ्या मजुरालाही बाधित म्हणून मोजायचं, ही गोष्ट देशाच्या भूसंपादन कायद्यात आली 2013 साली. तोवर धरणं भरून, त्यांचं पाणी उसाला जाऊन, त्या उसाचे कारखाने निघून, त्या कारखान्यांवर आमदार-खासदार तयार होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. आणि कित्येक ठिकाणी ज्याचं घर पाण्याखाली गेलं त्याचाच नातू त्या पाण्यावर पिकलेला ऊस कोयत्यानं तोडतोय.

देवाची मात्र सोय झाली. आंध्रात श्रीशैलम धरण बांधलं तेव्हा कूडवेल्लीचं संगमेश्वराचं देऊळ दगड न दगड सोडवून आलमपूरला नेऊन परत उभारलं. नागार्जुनसागर झालं तेव्हा नागार्जुनकोंड्याचे बौद्ध स्तूप-विहार पाण्याखाली जाणार होते. 1954 ते 1960 पर्यंत तिथं खणून अवशेष काढले, वर डोंगरावर हलवले. आज तो डोंगर तळ्यातलं बेट झालाय, माणसं बोटीत बसून तो बघायला जातात. आता इथं कुणी मला म्हणेल, बुद्धाचे दगड वाचले तर तुझं काय दुखतंय? काही दुखत नाही. वाचले ते चांगलंच झालं. पण माझा सवाल बुद्धालाही तोच लागू आहे आणि विठ्ठलालाही तोच. दगडावर नंबर टाकून, तो उतरवून, जसाच्या तसा परत लावायची अक्कल ज्या सरकारकडं आहे, त्याच सरकारला माणसं नंबर टाकून परत वसवता येत नाहीत? येतात. दगडाला अभ्यासक असतात, दर्शनाला येणारे असतात, फोटो काढणारे असतात. भूमिहीनाचा फोटो कोण काढतो?

आणि ह्या तळ्यांची नावं बघितलीत? कोयनेच्या पाण्याचं नाव शिवसागर. पैठणच्या पाण्याचं नाव नाथसागर. उजनीचं यशवंतसागर. वारणेचं वसंतसागर. सौंदत्तीच्या डोंगराखालच्या मलप्रभेच्या पाण्याचं नाव रेणुकासागर. हिडकलच्या धरणाला राजा लखमगौडाचं नाव. देव झाले, संत झाले, राजे झाले, मुख्यमंत्री झाले. ज्या बायांनी पोटुशी असताना डोक्यावर मातीच्या पाट्या वाहिल्या त्यांच्यातल्या एकीचं नाव एखाद्या पाणवठ्याला? नावात काय आहे म्हणणाऱ्यानं मराठवाडा आठवावा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव 27 जुलै 1978 ला विधिमंडळात झाला. वस्त्या जळाल्या, माणसं मेली, आणि नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला, तेही जुन्या नावाला जोडून. नावात एवढं असतं.

रेणुकासागराचं नाव घेतलं म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जात नाही, कारण ती आमच्या गडहिंग्लजची आहे. सौंदत्तीची यल्लम्मा म्हणजे ती रेणुकाच. मार्गशीर्षाच्या पुनवेला आमच्या भागातून गाड्या भरून माणसं डोंगरावर जातात. धरणाचं भरलेलं पाणी, डोंगर, पिवळा भंडारा. तिथलाही फोटो फार सुंदर येतो. पण त्या डोंगरावर कुणाच्या पोरी सोडल्या? मांगवाड्यातल्या, महारवाड्यातल्या. केसात जट धरली की देवीचं बोलावणं. लाल-पांढऱ्या मण्यांची माळ गळ्यात पडली की पोरगी देवाची झाली, म्हणजे गावाची झाली, म्हणजे पुढं मुंबईच्या पिंजऱ्याची झाली. 1934 साली मुंबई इलाख्यात कायदा झाला. 1982 साली कर्नाटकानं केला. 2005 साली महाराष्ट्रानं केला. तीन कायदे करावे लागले ह्याचाच अर्थ पहिला कुणी मानला नाही. ह्या पोरी पहिल्यांदा माणूस म्हणून एकत्र बसल्या त्या कुठल्या देवळात बसल्या नाहीत. 1975 साली आमच्या गडहिंग्लजमध्ये देवदासींची परिषद भरली. रेशनकार्ड, पोरांच्या शाळेत बापाच्या नावाचा रकाना, म्हातारपणी पोटाला भाकर असले प्रश्न ह्या चळवळीनं मांडले. गडहिंग्लजला प्रवासाला येणाऱ्यांना कुणी हे ठिकाण दाखवत नाही. गडहिंग्लज म्हटलं की काळभैरीचा डोंगर सांगतात, सामानगड सांगतात, आणि आता हिडकलचं पाण्यातलं देऊळ सांगतात.

तर मित्रा, सुंदर बघायचा हक्क तुझा आहे, पण तो हक्क वापरताना तू कुणाचे डोळे लावलेस ते तपास. पाण्यात देऊळ बघून ज्याला नुसतं शांत वाटतं, त्याच्या आज्याला त्या पाण्याची तहान लागलेली नसते. तुझ्या आज्याला लागली होती. तो पाणवठ्याच्या खालच्या अंगाला मडकं घेऊन, कुणीतरी वरून ओतेल म्हणून उभा होता. त्याला त्या पाण्यात सूर्य बुडताना दिसला नसेल असं नाही. दिसला असेल. पण त्याला रिकाम्या मडक्याचाही हिशोब होता. ते मडकं विसरून तो सूर्य बघायचा, ही अट सौंदर्याला कुणी घातली? त्याच लोकांनी घातली, ज्यांच्या घरात पाणी होतं.

मी देवळं पाडा म्हणत नाही. पाण्यानं पाडली नाहीत ती आपण कशाला पाडू? देवळात घुसायलाही मी तुला सांगत नाही. काळारामाच्या दाराशी आपण 2 मार्च 1930 पासून बसलो होतो, आणि त्या दाराला काय किंमत द्यायची हे बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला सांगून टाकलंय. मी म्हणतो, देवळाकडं पाठ कर आणि पाण्याकडं बघ. तिथं आपलं काम पडलंय. काम सांगतो, लिहून घ्या.

एक. बुडितातल्या गावांच्या पुनर्वसन वसाहतींत जा. नवा नकाशा मागा. आपली वस्ती नव्या गावात कुठल्या अंगाला टाकली ते बघा. जुन्या गावाचा उतार नव्या सपाट माळावरही कुणी तयार केलाय का ते बघा. नळाची लाईन आधी कुणाच्या दारात थांबते आणि उन्हाळ्यात शेवटच्या दारात किती वाजता पोचते, ते घड्याळ लावून लिहा.

दोन. माहितीचा अधिकार 2005 पासून हातात आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना चालतो. बुडीत गावाची जुनी यादी मागवा. भूमिहीन किती, त्यातल्या किती जणांना घर मिळालं, किती जणांना जमीन, किती जणांच्या नावापुढं नुसती रेघ. आकडे इथं छापू. देवळाच्या फोटोसारखेच फिरवू.

तीन. म्हातारी माणसं संपत चाललीत. काठीनं दाखवणारे आहेत तोवर त्यांना बोलतं करा. महारवाड्यात किती उंबरे होते, विहीर कुणाची होती, आपल्याला पाणी कोण घालत होतं, घालताना किती उंचावरनं घालत होतं, गाव उठलं त्या दिवशी कोण कुठं गेलं. मोबाईल आहेच हातात. सूर्य बुडायची वाट बघू नका, दुपारच्या उन्हात रेकॉर्ड करा.

चार. ह्या सगळ्याचा एक नकाशा करू. पवना, उजनी, कोयना, हिडकल. प्रत्येक तळ्यात देऊळ जिथं आहे तिथं खूण आहेच, ती लोकांनी केलीय. आपण दुसरी खूण करायची : इथं पाण्याखाली महारवाडा आहे, इथं मांगवाडा आहे, इथं वडारवस्ती आहे. एवढे उंबरे. एवढी माणसं. एवढ्यांना काही मिळालं नाही.

पावसाळा लागायच्या आत हुन्नूरपासून सुरुवात करू. गडहिंग्लजला उतरा, मुक्कामाची आणि भाकरीची सोय माझ्याकडं. वरळीच्या दोस्ता, तू तर पहिला ये. तुला वाट माहीत आहे. ह्या खेपेला कॅमेरा पाण्याकडं कर. कोण कोण येतंय ते कळवा.

जय भीम.